वरचा मजला, दोन रात्री

नऊ वर्षांच्या संसारात कर्टने मला कधी "कुठेतरी जाऊ या" असं म्हटलेलं नव्हतं. आम्ही कुठे जातच नव्हतो असं नाही. दर जुलैत उत्तरेला, त्याच्या काकाच्या तळ्यावरच्या लाकडी खोलीत जायचो. पण तेही कुणी ठरवून नव्हे. जुलै आला की गाडीत सामान चढायचं, एवढंच. त्यामुळे जानेवारीतल्या एका रविवारी सासूबाईंच्या टेबलावर बटाटे वाढून घेता घेता तो म्हणाला, "मिलवॉकीला जाऊन यायला काय हरकत आहे, पोरांना घेऊन," तेव्हा मी चमचा खाली ठेवला.

"कधी?"

"असंच. मार्चच्या सुट्टीत. फार खर्चही नाही व्हायचा."

"मिलवॉकीत आता चांगल्या सोयी झाल्यात म्हणे," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच, "कुणाला गारठल्यासारखं वाटतंय का?"

मी उठून खिडकी लावली.

या घरात कुणी काही मागत नाही आणि कुणी काही विचारत नाही. डोलोरेसना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, खिडकी लावून हवी असली की त्या इतरांच्या थंडीची चौकशी करतात. मला हे शिकायला फार वेळ लागला नाही. माझं माहेर राज्याच्या पश्चिम टोकाचं, स्वीडिश. तिथे खिडकीचं नावही कुणी काढलं नसतं. सगळे कोट चढवून जेवले असते.

त्या जेवणात कर्ट आणखी एक वाक्य बोलला होता. कागदाच्या गिरणीत यंदा त्याचं मशीन शांत शांत असतं म्हणून. मी "हं" म्हटलं. ती गिरणी दरवर्षी बंद पडायला येते आणि दरवर्षी पडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. स्वस्तात शहर पाहणं ही विद्या आहे आणि ती मी गावच्या ग्रंथालयात आठवड्यातून तीन दिवस पुस्तकं लावता लावता कमावलेली आहे. शेजारच्या गावातल्या इवल्याशा विज्ञान संग्रहालयाचं आमच्याकडे सभासद कार्ड आहे. तेच कार्ड मोठ्या शहरातल्या संग्रहालयात चालतं, चौघं फुकट. सँडविचं घरून बर्फाच्या पेटीत. महामार्गालगतचं हॉटेल, जिथे सकाळचा नाश्ता भाड्यात असतो आणि तळमजल्यावर गरम पाण्याचा पूल असतो. आठ वर्षांच्या टेसाने पोहण्याचा चष्मा फेब्रुवारीतच दप्तरात टाकून ठेवला.

मी तक्ता केला. माझ्या तक्त्यात सगळं असतं. किराणा दुकान, सार्वजनिक ग्रंथालयाची शाखा (तिथे शौचालय स्वच्छ असतं), कपडे धुण्याचं दुकान, कारण चार वर्षांचा ऑगी नव्या जागी गादी ओली करतो, आणि सर्वांत जवळचा मुलांचा दवाखाना, कारण त्याचे कान दुखतात. तक्ता फ्रिजवर लावला. कर्ट त्याच्यासमोर कॉफीचा कप घेऊन बराच वेळ उभा राहिला. कर्ट फ्रिजसमोर कधीच उभा राहत नाही, तो फक्त फ्रिज उघडतो.

"बरंच बघितलंयस तू," तो म्हणाला. त्याचा आवाज जरासा भरून आल्यासारखा वाटला.

तिथून मला शंका यायला लागली.

मग डोलोरेस आल्या आणि आठ भक्कम खोकी ठेवून गेल्या. "तळघरात नुसती पडली होती. तुला उपयोग होईल न होईल." माझं घर पसरलेलं असतं, हे सांगायची ही त्यांची रीत असावी असं मी समजले आणि दोन दिवस मनातल्या मनात त्यांच्याशी भांडले.

मग कर्टने केस कापून घेतले. तो ते ईस्टरला कापतो आणि ईस्टरला अजून तीन आठवडे होते. मग तो फोन पालथा ठेवू लागला. मी कुणाचा फोन उघडणाऱ्यातली नाही, पण बिल माझ्याच नावावर येतं. त्यात मिलवॉकीचा एक नंबर पाच वेळा होता, दरवेळी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत. मी तो नंबर एका कागदावर उतरवला आणि कागद पिठाच्या डब्याखाली ठेवला. का ठेवला, विचाराल तर सांगता यायचं नाही.

आणि मग हॉटेल गेलं.

"एक जागा मिळालीय," कर्ट म्हणाला. "गिरणीतल्या एकाच्या मावशीचं घर. वरचा मजला रिकामा आहे. दोन रात्री, जवळजवळ फुकटच."

"फोटो आहेत?"

"मावशी आहे ती, लिन. मावश्या फोटो टाकत नाहीत."

"पूल आहे?"

"वरच्या मजल्यावर?"

टेसा दारात उभी राहून ऐकत होती. ती काही बोलली नाही. ती त्याच घरातली आहे ना.

मी नकाशावर तो रस्ता पाहिला. दक्षिण बाजूची जुनी वस्ती, दुमजली लाकडी घरं, एकाला एक खेटून. शहराच्या त्या भागात बघण्यासारखं काही नव्हतं. मात्र दोन चौक पलीकडे एक मोठं इस्पितळ होतं. मी नकाशा बंद केला. माझ्याकडे दोनच तर्क होते आणि मी ते आळीपाळीने करत होते. एक, कुणी बाई आहे. दुसरा, तो आजारी आहे. दुसरा जास्त खरा वाटायचा. ज्या वर्षी त्याचं अपेंडिक्स फुटलं, त्या वर्षी तो आठ दिवस "थोडं टोचतंय" म्हणत कामावर जात होता. निघायच्या आदल्या दिवशी त्याच्या पिशवीत इस्त्री केलेला करडा शर्ट सापडला. तो शर्ट तो अंत्यविधींना घालतो.

विचारता आलं असतं. पण विचारलं की उत्तर येतं. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की चौघं जातोय तर येतानाही चौघंच असू ना.

गुरुवारी निघालो. साडेतीन तासांचा रस्ता, कडेला मळकट बर्फाचे ढीग, मागे ऑगीचं एकच गाणं. पेट्रोलपंपावर ताज्या चीजच्या गोळ्यांची पिशवी घेतली. दाताखाली करकर वाजणारे ते गोळे खाताना कर्ट मुलांना सांगत होता, "शहरातही मिळतात हे. अगदी हेच मिळतात." इतक्या कळकळीने, की मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने आरसा नीट केला.

घरमालकीण मिसेस गोरेस्की जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, पायात नर्सचे बूट. त्यांनी आम्हा दोघांशी हात मिळवला आणि मुलांकडे खालून वर पाहिलं. खालून म्हणजे बुटांपासून.

"मोठी किती वर्षांची?"

"आठ," मी म्हणाले.

"आणि हा? पळतो का घरात?"

"चार वर्षांचा आहे."

"म्हणजे पळतो." त्यांनी मान हलवली. "माझी झोप हलकी आहे. सांगून ठेवलेलं बरं. कुत्रा वगैरे?"

दोन रात्रींच्या पाहुण्याला कुणी कुत्र्याबद्दल विचारतं?

वरचा मजला मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. पडदे नव्हते. पलंग नव्हते, चार गाद्या जमिनीवर, उसन्या आणल्यासारख्या, चारही वेगवेगळ्या. कपाटात नुसते हँगर. स्वयंपाकघरातला एक खण उघडला तर तळाला कोरा फुलाफुलांचा कागद घातलेला, कडेने नीट कापलेला. बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. ही जागा पाहुण्यांची नव्हती. इथे कुणीतरी येणार होतं, आणि ते कुणीतरी आल्यावर राहणार होतं.

"स्वयंपाकघर मोठं आहे, नाही?" कर्ट म्हणाला.

"हं."

"सकाळचा उजेड या बाजूने येत असेल."

"येत असेल."

तो वाट पाहत उभा होता. काय हवं होतं त्याला? मी गाद्यांखाली ढेकूण आहेत का ते बघायला वाकले.

संग्रहालय छान झालं. कार्ड चाललं, चौघं फुकट, आणि ऑगी डायनोसोरच्या पायाशी अर्धा तास बसला. एवढं सोडलं तर माझ्या तक्त्यातलं काहीच त्या क्रमाने झालं नाही. कर्टचं म्हणणं, जवळपास फुकटचं खूप आहे. त्याने आम्हाला एका शाळेच्या मैदानावर नेलं. बरी होती घसरगुंडी. पण त्याने शाळेच्या इमारतीला एक पूर्ण फेरी मारली. मग ग्रंथालयाची शाखा, जिथे तो काउंटरवरच्या बाईला विचारून आला की इथे अर्ध्या दिवसाची माणसं लागतात का. मग किराणा दुकान, जिथे त्याने दुधाची किंमत मोठ्याने वाचली.

"मॉम," टेसा माझ्या कानाशी म्हणाली, "ही सुट्टी आहे, की आपण कुणाचं तरी घर सांभाळायला आलोय?"

"सुट्टी आहे."

"मग डॅड दुधाला खूश का होतोय?"

पोर माझ्यावर गेली आहे.

शुक्रवारी सकाळी कर्ट करडा शर्ट घालून निघाला. "बेकरीतून काहीतरी आणतो," म्हणाला. करडा शर्ट, पॉलिश केलेले बूट आणि बेकरी. मी पडदा नसलेल्या खिडकीतून पाहिलं. गाडी इस्पितळाच्या दिशेने वळली. पावणेदोन तासांनी तो परत आला. हातात खोका होता, जाममध्ये बुडालेले बन होते, आणि तो इतका हलका हलका झालेला होता, की माझा आजाराचा तर्क मागे पडला आणि बाईचा वर आला. मी त्याच्या गळ्याशी वास घेतला. शाईसारखा वास. शाई?

"काय?" त्याने विचारलं.

"काही नाही. बन छान आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेतही काहीतरी होतं, पण ते मी माझ्याच शंकेच्या हिशेबात धरलं.

लेंटचा, ईस्टरआधीच्या उपासाचा, शुक्रवार होता, म्हणजे मांस नाही, म्हणजे संध्याकाळी चर्चच्या तळघरात तळलेले मासे. मिसेस गोरेस्कींनी आम्हाला नेलं नाही, त्या फक्त म्हणाल्या, "मी साडेपाचला निघते, गाडीत जागा असते." म्हणून आम्ही गेलो. लांब टेबलं, कागदाचं आच्छादन, राय ब्रेड, बटाट्याचे पॅनकेक, मुलं टेबलांखाली. मी ताट घेऊन रांगेत होते. कोबीची कोशिंबीर वाढणाऱ्या बाईने, गोल चेहऱ्याची, डोक्याला जाळी बांधलेली, माझ्या खांद्यावरून मिसेस गोरेस्कींकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"अच्छा, आयरीन गोरेस्कीच्या वर येणाऱ्या तुम्हीच."

"आलोय ना, काल."

"काल नाही हो. जूनपासून. शाळा सुटली की येणार म्हणाली ती. बरं झालं बाई, दोन वर्षं रिकामा होता मजला. आणि तुमचे मिस्टर छापखान्यात लागतायत, माझा भाचा तिथेच आहे. म्हणाला, सकाळी मुलाखतीला आले तर यंत्राखाली शिरूनच बोलत होते. अजून घालू का कोबी?"

"घाला थोडी," मी म्हणाले. "थँक यू."

मला वाटतं, मी हसलेसुद्धा. हे आमच्या हाडातच आहे. मी ताट घेऊन टेबलापाशी गेले, कर्टसमोर ठेवलं, आणि खाली बसले नाही.

"जेवण झालं की सामान भर."

"का? काय झालं?"

"पूल असलेल्या हॉटेलात जातोय आपण. आज."

"लिन, इथले पैसे तर—"

"सामान भर, कर्ट."

टेसाने तोंडातला घास न गिळताच बूट शोधायला सुरुवात केली.

सात वाजता मुलं पाण्यात होती. हॉटेलातला पूल म्हणजे काचेच्या खोलीतलं हिरवट डबकं, क्लोरीनचा वास डोळ्यांत जाणारा, आणि भिंतीवर जीवरक्षक नाही अशी पाटी. म्हणून मी काठाशीच बसले आणि त्या दोन डोक्यांवरून नजर न हटवता बोलले. ते बरं पडलं. कर्टकडे बघावं लागलं नाही.

"आजारी आहेस का?"

"मी? नाही."

"कुणी बाई आहे का?"

तो हसायला लागला आणि मग थांबला. "बाई? अगं, मला तुझ्याशी बोलायला जमत नाही, दुसरी कुठून आणू?"

"मग नोकरीचं मला का नाही सांगितलंस?"

 मी नजर काढून त्याच्याकडे पाहिलं, तर त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूणही नव्हती. नुसता गोंधळ.

"सांगितलं की," तो म्हणाला. "जानेवारीत. मॉमकडे."

"काय सांगितलंस?"

"की माझं मशीन शांत असतं. आणि मग म्हटलं, मिलवॉकीला जाऊन यायला काय हरकत आहे. तू म्हणालीस, कधी." तो बोटांवर मोजत होता. "आणि दुसऱ्या दिवशी तू तक्ताच लावलास फ्रिजवर. मला वाटलं, बाप रे. मी आठवडाभर झोपलो नव्हतो, हिला कसं विचारू म्हणून, आणि हिनं तर सगळं मनावर घेतलंय."

"तो सहलीचा तक्ता होता."

"त्यात किराणा दुकान होतं."

"सँडविचच्या ब्रेडसाठी."

"लहान मुलांचा डॉक्टर होता."

"ऑगीच्या कानासाठी, कर्ट. मी कुठेही जाताना बघते. काकांच्या तळ्यावर जातानाही बघते."

"कपडे धुण्याचं दुकान," तो आता पुटपुटल्यासारखा म्हणाला. "मी गोरेस्कीबाईंना सांगितलं, की माझ्या बायकोला धुण्याच्या मशीनची काळजी आहे. त्यांनी तळघरात नवीन घ्यायचं कबूल केलं."

ऑगीने काठावरून उडी मारली. मी उभी राहिले. त्याचं डोकं वर आलं. मी बसले.

"आणि मी दोन दिवस बघतोय," कर्ट म्हणाला, "तू त्या घराबद्दल एक शब्द काढत नाहीस. स्वयंपाकघर दाखवलं, शाळा दाखवली, तुझ्यासाठी ग्रंथालयात विचारून आलो. तू नुसती हं हं. मला वाटलं, हिला आवडलेलं नाही आणि ही सांगत नाहीये. आज मुलाखत झाल्यावर ते म्हणाले, सोमवारपर्यंत कळवा. मी बन घेऊन आलो, म्हटलं आता तरी विचारेल कशी झाली. तू माझा वास घेतलास."

मला हसू आलं असतं, पण अजून एक गोष्ट राहिली होती.

"गिरणीचं पत्र आहे ना? दाखव."

ते त्याच्या पाकिटात होतं, चौघडी घालून, घड्यांवर मऊ पडलेलं. दोन नंबरच्या मशीनवरची चाळीस माणसं, जूनअखेर कामावरून कमी. जानेवारीची तारीख. मी ते दोनदा वाचलं. खाली सही होती, शिक्का होता. मी शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि मग त्याला परत न देता माझ्या पर्समध्ये ठेवलं.

"सगळ्या गावाला माहीत होतं?"

"चाळीस घरांना. कुणी बोलत नाही त्यावर."

"डोलोरेसना?"

"मॉमला माहीत आहे."

अर्थात. खोकी.

"आता विचार," मी म्हणाले.

"काय?"

"जे विचारायचंय ते. मला नीट विचार, तोंडानं."

तो पाण्याकडे बघत राहिला. मोठा माणूस, सहा फूट, गुडघ्यापर्यंत ओली झालेली पँट. "म्हणजे तुला जर... तुझी जर हरकत—"

"जर नको."

त्याने घसा साफ केला. नऊ वर्षांपूर्वी लग्नाचंही त्याने विचारलं नव्हतं. त्या वर्षी चर्चचा हॉल कुठल्या शनिवारी मोकळा आहे, एवढंच सांगितलं होतं.

"लिन, आपण इथे राहायला येऊ या का?"

 आमचं घर, आमचा डांबरी रस्ता, ग्रंथालयातली माझी खुर्ची, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि मग जूनअखेर ही तारीख आली आणि त्या सगळ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली.

"येऊ," मी म्हणाले. "पण त्या घरात नाही. बाथरूमला कडी नाही आणि ती बाई माझ्या मुलांच्या पायांकडे बघते."

"बरं."

"आणि तू हो कळवण्याआधी मी स्वतः त्या छापखान्यात फोन करणार. नंबर आहे माझ्याकडे. पिठाच्या डब्याखाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही. मग त्यालाच काहीतरी आठवलं असावं. "पिठाच्या डब्याखाली का?" त्याने विचारलं.

"सांगते नंतर. आणि डोलोरेस? एकट्या राहतील?"

"ती म्हणाली, तिला कुणाच्या अध्येमध्ये यायचं नाही."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

"म्हणजे तिला यायचंय," मी म्हणाले.

"हो."

तेवढ्यात ऑगी शिडी चढून वर आला. ओठ निळे, दात वाजत होते, पोटावर हात बांधलेले. तो आमच्यासमोर उभा राहिला आणि हुबेहूब आपल्या बुशाच्या, म्हणजे आजीच्या सुरात म्हणाला, "कुणाला गारठल्यासारखं वाटतंय का?"

कर्ट टॉवेल घेऊन उठलाच. मी त्याचा हात धरला.

"थांब. ऑगी, तुला काय हवंय?"

त्याने बापाकडे पाहिलं. बापाकडून काही मिळेना, तेव्हा माझ्याकडे. त्याला माझा संशय आला असणार, हे मला दिसलं. काही युक्ती तर नाही ना?

"टॉवेल," तो शेवटी म्हणाला. थोडा वेळ थांबून त्याने अंदाज घेतला, आणि मग, "आणि मग परत पाण्यात जायचंय."